रविवारचे फटफटीस्वार

हौसेसाठी निघालेला माणूस डोके झाकून निघतो. कामासाठी निघालेला उघड्या डोक्याने. हा उलटा हिशेब आपण केव्हा सुलटा करणार?

पावसाळा ओसरू लागला, रानात बाजरीची कणसे भरू लागली, की घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यांवरच्या गावांना दर रविवारी सकाळी एक गंमत पाहायला मिळते. डेअरीवर दूध घालून माणसे परतत असतात, कोणी बैलांना पाणी दाखवीत असतो, बायकांची सडा-सारवणाची लगबग चाललेली असते. आणि तेवढ्यात दुरून घरघर ऐकू येते. बघता बघता दहा-पंधरा फटफट्या एकामागून एक फाट्यावरून निघून जातात. स्वारांची तोंडे दिसत नाहीत. डोक्याला हेल्मेट, अंगात जाडजूड जाकीट, हातांत मोजे, पायांत घोट्याच्या वर जाणारे बूट. पोरे हात हलवतात, स्वारही हात हलवतात. पारावरचा एखादा म्हातारा विचारतो, "ही कुठली पलटण म्हणायची?"

ही पलटण लष्करातली नसते. पुण्या-मुंबईच्या, नाशिक-कोल्हापूरच्या बँकांत, कारखान्यांत, शाळांत, दवाखान्यांत आठवडाभर काम करणारी ही माणसे. त्यांत पंचविशीतली पोरे असतात, तसे साठी गाठलेले गृहस्थही असतात. कोणाला भजनाचा नाद, कोणाला कुस्तीच्या फडाचा, तसा यांना फटफटीचा. सुट्टी लागली की गाडी काढायची, शे-दोनशे किलोमीटर फिरायचे, कुठेतरी मिसळ नाहीतर पिठले-भाकरी खायची आणि दुपारपर्यंत घर गाठायचे. एवढ्यासाठी पेट्रोल जाळायचे म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, असे आपल्याला वाटते. थोडे चोचले त्यात आहेतही. पण या छंदाच्या पोटात शिरून पाहिले, तर शेतकऱ्याच्या घराने उचलावे असे बरेच काही हाती लागते. ते न उचलल्यामुळे दरवर्षी कितीतरी घरे उघडी पडतात. म्हणून आज या मंडळींची थोडी ओळख करून घेऊ.

हा नाद आला कोठून?

फटफटी आपल्याला नवी नाही. 'रॉयल एन्फील्ड' ही मूळची इंग्रजी गाडी. तिच्या 'बुलेट' या नमुन्याचे नाव १९३२ सालचे. १९५५ साली मद्रासच्या एका कंपनीने इंग्रज मालकांशी भागीदारी करून 'एन्फील्ड इंडिया' काढली आणि बुलेट आपल्याकडे तयार होऊ लागली. पुढे इंग्लंडातला मूळ कारखाना बंद पडला, पण मद्रासचा चालूच राहिला. लष्कराने वापरली, पोलिसांनी वापरली, आणि मग गावच्या पाटलाच्या, बागायतदाराच्या दारात ती उभी राहिली.

दुसरी गाडी जावा. ती चेकोस्लोव्हाकियातली. १९६० साली म्हैसूरला 'आयडियल जावा' हा कारखाना निघाला. १९७३ पासून तिथल्या गाडीचे नाव 'येझदी' झाले. तिसरी एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत. पोलंडच्या एका गाडीच्या नमुन्यावर बनलेली. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, मागे पेंडीचे पोते, त्यावर एखादा माणूस, आणि खाली खड्ड्यांचा रस्ता. असे सारे सोसून राजदूतने खेड्यांत वर्षानुवर्षे चाकरी केली. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक कंपनीची लुना आली आणि मास्तर, ग्रामसेवक, भाजीवाले तिच्यावर बसले. १९८५ साली हिरो होंडाची शंभर सीसीची गाडी आली. ती इतके कमी पेट्रोल पिई, की जुन्या गाड्यांचे दिवस भरले. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद झाला. राजदूतही गेली.

मग झाले असे, की ज्या गाड्यांवर बापाने दूध घातले, त्याच गाड्या मुलाला हौसेच्या वाटू लागल्या. जी वस्तू रोजच्या वापरातून गेली, तिच्याविषयी माया वाटू लागते. पितळेच्या घंगाळाचे, जात्याचे तेच झाले. फटफटीच्या नादाचे एक मूळ या मायेत आहे. जावा आणि येझदीची माया तर इतकी, की जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी गावोगावचे जावावाले आपापल्या गाड्या घेऊन एकत्र जमतात आणि तो दिवस सणासारखा साजरा करतात. कारखाना बंद पडून जवळजवळ दोन तपे लोटली तरी लोक विसरले नाहीत, हे पाहून २०१८ साली जावा आणि २०२२ साली येझदी ही नावे नव्या गाड्यांवर पुन्हा आली.

शनिवारची खांदेमळणी

या लोकांची सुट्टी रविवारी सुरू होत नाही. ती शनिवारी संध्याकाळी सुरू होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळणी करतो, तसेच हे समजा. गाडी धुवायची, पुसायची आणि मग एकेक गोष्ट तपासायची. इंजिनात तेल किती आहे? चाकांत हवा बरोबर आहे का? आणि ती हवा गाडी थंड असताना मोजायची, पळवून आणल्यावर नव्हे. टायरच्या खाचा बुजत आल्या आहेत का? साखळी फार सैल नाही ना, फार ताणलेली नाही ना? पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, ब्रेकचा दिवा, वळणाचे दिवे, भोंगा. क्लचची तार कुठे उसवली आहे का? आरसे जागेवर आहेत का?

साखळीवरची धूळ ब्रशने काढून तिला तेल देणे हा या मंडळींचा आवडता उद्योग. कोरडी साखळी दातेरी चाक खाते आणि एक दिवस भर रस्त्यात तुटते. मोटेचा सोल तुटण्याआधी आवाज देत असे, तशी साखळीही आवाज देते, ऐकणारा हवा.

जुन्या गाड्यांचे सोपस्कार आणखी निराळे. जुनी बुलेट लाथ मारली की सुरू होईलच असे नाही. आधी हवा सोडणारी लहान कळ दाबायची, लाथेने इंजिन हळूच फिरवून विजेच्या काट्याला मधोमध आणायचे, कळ सोडायची, आणि मग एकच भरपूर लाथ. घाई केली तर लाथेची दांडी उलटी फिरून पोटरीवर बसते. ज्यांनी विहिरीवरचे जुने ऑईल इंजिन हँडल मारून सुरू केले आहे त्यांना ही युक्ती सांगायला नको. तिथेही तीच हवा सोडण्याची कळ होती. जावाची गंमत अशी, की लाथेची दांडी आणि गिअरची दांडी एकच. आणि जावा, राजदूत या गाड्यांना पेट्रोलमध्ये तेल मिसळून घालावे लागे, जसे आज आपण पाठीवरच्या पेट्रोल फवारणी पंपात घालतो. तेल कमी पडले की पिस्टन धरलाच म्हणून समजा.

जाकिटाच्या कोपरांवर, खांद्यांवर आणि पाठीवर कठीण गाद्या बसवलेल्या असतात. ते घालून ठेवायचे, पावसाचे कपडे घडी करून घ्यायचे, पाने, स्क्रू-ड्रायव्हर, जादा प्लग, क्लचची तार, पंक्चरचे सामान आणि हवेचा लहान पंप पिशवीत भरायचा. कागदपत्रे घ्यायची आणि लवकर झोपायचे. रात्री पिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी बरोबर घ्यायचे नाही, असा चांगल्या मंडळांचा कडक नियम असतो.

पहाटेचा मेळ

रविवारी पहाटे पाच-साडेपाचला ठरलेल्या पेट्रोल पंपावर किंवा चहाच्या टपरीवर सगळे जमतात. टाक्या भरल्या जातात, डोकी मोजली जातात. एक जाणता स्वार पुढे राहणार असतो. त्याला वाट माहीत असते आणि त्याने ठरवलेल्या वेगाच्या पुढे कोणी जायचे नाही. दुसरा जाणता सगळ्यांत शेवटी राहतो. वाटेत कोणाची गाडी बंद पडली, कोणी मागे राहिला, तर तो थांबतो. त्याच्याकडे अवजारे आणि प्रथमोपचाराची पेटी असते. नवशिक्याला पुढच्या जाणत्याच्या पाठोपाठ ठेवतात, म्हणजे वेग आपोआप त्याच्या बेताचा राहतो. दिंडीत पताकावाला पुढे, विणेकरी मागे आणि मधे सगळे ओळीने चालतात, तशी ही व्यवस्था असते.

रस्त्यावर ते एकाच ओळीत जात नाहीत आणि जोडीनेही जात नाहीत. एक आपल्या बाजूच्या पट्ट्यात डावीकडे, त्याच्या मागचा थोडे अंतर राखून उजवीकडे, तिसरा पुन्हा डावीकडे. त्यामुळे प्रत्येकाला पुढचे दिसते आणि एकदम ब्रेक लागला तर मागचा पुढच्यावर आदळत नाही. वळणावर आणि अरुंद रस्त्यावर मात्र एकच ओळ.

हेल्मेटात बोलणे ऐकू येत नाही, म्हणून खुणा ठरलेल्या असतात. हात वर केला की थांबणार. पेट्रोलच्या टाकीवर थाप मारली की पेट्रोल संपत आले. खड्डा, दगड, सांडलेले तेल दिसले, की ज्या बाजूला असेल त्या बाजूचा पाय लांब करून मागच्याला दाखवायचे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही म्हण या लोकांनी पायानेच अमलात आणली आहे. तास-सव्वा तासाने थांबायचे, पाय मोकळे करायचे, पाणी प्यायचे. डुलकी येऊ लागली की गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटे बसणाऱ्याला कोणी हसत नाही. न सांगता तसाच पुढे जाणाऱ्याला मात्र पुढच्या खेपेला बोलावीत नाहीत.

आपल्याच गावावरून का?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे. समृद्धी महामार्गावरही आहे. म्हणून या स्वारांना जुने रस्ते धरावे लागतात. पण खरे सांगायचे तर बंदी नसती तरी ते तिकडे गेले नसते. सरळ, गुळगुळीत रस्त्यावर गाडी चालवण्यात त्यांना गोडी नाही. त्यांना वळणे हवी असतात, झाडी हवी असते, वाटेत थांबायला टपरी हवी असते. पुण्याकडून मुळशीवरून माणगावकडे उतरणारा ताम्हिणी घाट, भोरवरून महाडकडे जाणारा वरंध, कल्याण-मुरबाडकडून जुन्नरच्या मुलखात चढणारा माळशेज, वाईहून पाचगणीला नेणारा पसरणी, कराडहून चिपळूणला उतरणारा कुंभार्ली, कोल्हापूर-रत्नागिरी वाटेवरचा आंबा घाट, सावंतवाडीकडचा आंबोली. ही त्यांची पंढरी.

यात आपला लाभही आहे. घाटाच्या तोंडाशी असलेल्या कितीतरी घरांना रविवारच्या चहा-पोह्यांनी, चुलीवरच्या भाकरीने, करवंदे-जांभळांनी चार पैसे मिळू लागले आहेत. महाराष्ट्र सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले, त्यामुळे शेतावर पाहुणे ठेवायचे तर त्याची रीतसर नोंदणी करता येते. फटफटीवाल्या पाहुण्याला फार मानपान लागत नाही. त्याला लागते ती गाडी उभी करायला सपाट, कठीण जागा (ओल्या मातीत गाडीची दांडी रुतून गाडी आडवी होते), हात-तोंड धुवायला पाणी, बायकांसाठी स्वच्छ संडास, आणि ताजे, साधे जेवण. हे ज्याच्या घरी मिळते त्याच्या दारात पुढच्या रविवारी पंधराच्या तीस गाड्या येतात. नाव तोंडोतोंडी पसरते.

पाहुण्यानेही पाहुण्यासारखे वागावे, ही अपेक्षा रास्त आहे. बांधावर गाडी घालू नये, काचा आणि प्लॅस्टिक टाकू नये, शाळेजवळून आणि गोठ्याजवळून जाताना वेग कमी ठेवावा. चांगली मंडळे हे पाळतात. जे पाळत नाहीत त्यांना गावाने सरळ सांगावे.

लांबची सुट्टी

चार-पाच दिवस सुट्टी जोडून आली की हे लोक कोकणच्या किनाऱ्याने गोव्याकडे निघतात. गोव्यात वागातोरला बुलेटवाल्यांची मोठी जत्राच भरते. अनेक वर्षे ती 'रायडर मेनिया' या नावाने भरत असे, २०२३ पासून तिचे नाव 'मोटोवर्स' झाले. देशभरचे लोक आपापल्या गाड्यांवरून तिथे पोचतात. गाड्या बघायच्या, ओळखी करायच्या, चिखलातल्या आणि कसरतीच्या शर्यती पाहायच्या, असा कार्यक्रम असतो.

यांची काशी म्हणजे लडाख. मनालीहून लेहला जाणारी वाट बर्फामुळे वर्षातले काही महिनेच उघडी असते. तिच्यावरची तंगलांग ला आणि लेहच्या पलीकडची खारदुंग ला या खिंडी ५,३०० मीटरच्या आसपास उंच आहेत. आपले कळसूबाई शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच, ते १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या तिप्पट उंचीवरून ही माणसे फटफटी नेतात. तिथे हवा विरळ असल्याने माणसाला धाप लागते आणि इंजिनालाही. घाईने वर चढलेल्याचे डोके ठणकते, उलट्या होतात, कधी जिवावर बेतते. म्हणून एक-दोन दिवस मुक्काम करून अंगाला हवेची सवय करायची, मगच पुढे जायचे, असा तिथला दंडक आहे.

यांच्यात काही हटयोगीही असतात. अमेरिकेतल्या एका संघटनेने घालून दिलेल्या नियमाप्रमाणे चोवीस तासांत हजार मैल, म्हणजे सुमारे १,६०० किलोमीटर, गाडी चालवली की प्रमाणपत्र मिळते. आपल्याकडेही ते मिळवणारे आहेत. पण झोप मारून केलेल्या पराक्रमाचे कौतुक जपूनच करावे. अति तेथे माती.

या छंदात बायका नाहीत असे कोणी समजू नये. २०११ साली पुण्यात 'बायकर्नी' ही फक्त स्त्रियांची मोटारसायकल संघटना निघाली आणि तिच्या शाखा देशभर पसरल्या. बेंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्से हिने २०१९ साली वाळवंटी शर्यतींच्या जागतिक मालिकेत स्त्रियांच्या गटाचे विजेतेपद मिळवले. शेतावर ट्रॅक्टर चालवणाऱ्या लेकी-सुना आज अनेक गावांत दिसतात. त्यांना यात नवल वाटणार नाही.

गोठ्यातली जुनी गाडी

काहींचा रविवार रस्त्यावर न जाता पडवीत जातो. भंगारात निघालेली जुनी जावा, राजदूत किंवा बुलेट आणायची, सुटी करायची, एकेक भाग घासूनपुसून, मिळत नसेल तो भाग लेथवर घडवून घेऊन, वर्ष-दीड वर्षाने ती पुन्हा धावती करायची. एके काळी शेतकऱ्यांच्या आवडीची डिझेलवर चालणारी बुलेट होती. दोन हजार सालच्या सुमारास ती बंद झाली. तिलाही आता शोधणारे आहेत.

हे शोधणारे खेड्यांतून फिरतात, म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवा. गोठ्यात, कडब्याच्या गंजीमागे जुनी गाडी पडली असेल तर ती किलोच्या भावाने भंगारवाल्याला देण्याची घाई करू नका. नोंदणीचे पुस्तक शोधून ठेवा. मूळ पुस्तक आणि मूळ भाग असलेल्या गाडीला हौशी माणूस चांगली किंमत देतो. मात्र विकताना नुसता पैसा मोजून घेऊन गाडी देऊ नका. मालकी बदलण्याचे २९ आणि ३० नंबरचे अर्ज भरून परिवहन कार्यालयात नाव बदलून घ्या. नाव तुमचेच राहिले आणि नव्या माणसाच्या हातून अपघात झाला, तर नुकसानभरपाईचा दावा नोंदणीतल्या मालकावर, म्हणजे तुमच्यावर येऊ शकतो. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ऐतिहासिक गाडी म्हणून वेगळी नोंदणी करण्याची सोय २०२१ सालापासून झाली आहे, हेही माहीत असलेले बरे.

वेगाचा नाद

आता नाण्याची दुसरी बाजू. रविवारच्या स्वारांत काही उतावळेही असतात. सायलेन्सर फोडून आवाज करणारे, घाटात वळणावर गाडीला गाठणारे, एका चाकावर गाडी उभी करून फोटो काढवून घेणारे. जाणती मंडळे त्यांना जवळ करीत नाहीत. ज्याला वेग आजमावायचा असेल त्याने शर्यतीच्या धावपट्टीवर जावे, असे ते सांगतात. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या विमानतळावर एके काळी शर्यती होत. पुढे इरुंगट्टुकोट्टईला खास धावपट्टी झाली. तिथे समोरून ऊसगाडी येत नाही, आणि पडला तर उचलायला डॉक्टर उभा असतो.

वेगाची किंमत काय असते हे इंग्लंडजवळच्या 'आईल ऑफ मॅन' या लहानशा बेटावर पाहावे. तिथे १९०७ सालापासून, महायुद्धांचे आणि साथीचे खंड सोडले तर, मोटारसायकलींची शर्यत होते. शर्यतीच्या वेळी कायद्याने रस्ता बंद करतात आणि सुमारे साठ किलोमीटरच्या फेऱ्यात गावांमधून, शेतांच्या दगडी कुंपणांमधून गाड्या धावतात. स्वार जगातले निवडक; रस्ता त्यांना पाठ. तरीही त्या रस्त्यावर आजवर अडीचशेहून अधिक स्वार मेले आहेत. बंद रस्त्यावर जाणत्यांची ही गत, तर बाजाराच्या दिवशी गर्दीच्या रस्त्यावर आपल्या पोराने वेग कशाच्या भरवशावर धरावा?

आपला उलटा हिशेब

आता मुद्द्याची गोष्ट. रविवारचा स्वार महिन्यातून चार-पाच दिवस गाडी चालवतो. आपण रोज चालवतो. तो रिकाम्या हाताने जातो. आपण दुधाच्या किटल्या, खताची पोती, वैरणीचा भारा, बायको आणि दोन लेकरे घेऊन जातो. तो उजाडताना निघून दुपारी परततो. आपण अंधारात पाण्याच्या पाळीला जातो. म्हणजे धोका आपल्याला जास्त. आणि तरीही डोके तो झाकतो, आपण नाही. "इथल्या इथे तर जायचे आहे," हे आपले ठरलेले उत्तर.

आकडे काय सांगतात पाहा. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. आणि हेल्मेट न घातलेले मेले ५०,०२९. त्यांत ३५,६९२ चालवणारे आणि १४,३३७ मागे बसलेले. हेल्मेटने मरणाचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो, असे अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र विचार करून निघालेले अनुमान आहे. ज्या घरात एकच कमावता आहे आणि सोसायटीचे कर्ज डोक्यावर आहे, त्या घरात हे आकडे भिंतीवर लावून ठेवण्याजोगे आहेत.

हेल्मेट घ्यायचे ते आय. एस. आय. शिक्क्याचे; रस्त्याकडेला ढिगाने विकतात ते नुसते टोपले. पीक विम्याचा हप्ता आपण न कुरकुरता भरतो. हेल्मेट हाही हप्ताच, एकदाच भरायचा. डोक्यावर घालून मान हलवली तरी ते हलता कामा नये. पट्टा हनुवटीखाली आवळलेला हवा. नुसते ठेवलेले हेल्मेट पडताना माणसाच्या आधी उडून जाते. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे. आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवे. कायदा दोघांसाठी आहे.

मागे बसणाऱ्या बायकांसाठी आणखी एक. मागच्या चाकाची जाळी गाडीला असावी, असा नियम आहे. ती शोभेसाठी काढून टाकू नये. पदर, ओढणी चाकात जाऊन झालेले अपघात प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्याला माहीत आहेत. पदर खोचून बसावे, धरायच्या दांडीला हात असावा आणि पाय पायटीवर असावेत.

पोरांच्या बाबतीत आई-बापांनी कठोर व्हावे. गिअरच्या गाडीचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. २०१९ सालच्या दुरुस्तीप्रमाणे अज्ञान मुलाच्या हाती गाडी देऊन गुन्हा घडला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. दहावी पास झाल्याचे बक्षीस म्हणून फटफटी देणाऱ्या बापाने हे आधी वाचावे.

रस्ता सुरक्षित ठेवण्यात शेतकऱ्याचाही वाटा आहे. उसाच्या ट्रॉलीला मागे लाल चमकपट्टी नसली, की रात्री दुचाकीवाला थेट तिच्यात घुसतो. आणि तो परका असतोच असे नाही, बहुधा पंचक्रोशीतलाच असतो. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेला चिखल आणि सुगीत डांबरीवर पसरलेले सोयाबीनचे काड, दोन्हीवरून दुचाकी साबणासारखी घसरते. पहिल्या पावसात तर रस्त्यावर साचलेले तेल वर येते. त्या दिवशी जाणता स्वारही हळू जातो.

कोणी पडलेला दिसला तर

घाटाजवळच्या आणि हमरस्त्यावरच्या गावांवर हा प्रसंग वारंवार येतो. पुष्कळ लोक पोलिसांच्या आणि कोर्टाच्या भीतीने लांब राहतात. ती भीती आता बाळगू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मान्य केलेल्या नियमांनी आणि २०१९ सालच्या कायद्याने, मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचे की नाही हे त्याच्या मर्जीवर. दवाखाना त्याच्याकडे पैसे मागू शकत नाही.

आधी येणारी वाहने थांबवा, मग १०८ नंबरला फोन करा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरा. श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. मानेच्या मणक्याला इजा असली तर त्या हिसक्याने माणूस जन्माचा अधू होतो. बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतू नका. हात-पाय धरून उचलू नका. मान आणि पाठ एका रेषेत राहील असे, चार-पाच जणांनी मिळून उचला.

एवढे तरी करू या

वाचकहो, दसऱ्याला आपण फटफटीला झेंडूची माळ घालतो, हळद-कुंकू वाहतो. ते करावेच. पण वर्षातल्या बाकीच्या आठवड्यांतही तिला अर्धा तास द्यावा. आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी ब्रेक, हवा, साखळी, दिवे, एवढी चार कामे घरातल्या एकाने पाहावीत. हे काम मुलाकडे सोपवा, म्हणजे त्याला यंत्राची जाण येईल आणि जाण आली की माजही उतरेल. आणि उंबऱ्याशेजारी, चपलांच्या वरच्या खुंटीला, घरात जितके गाडीवर बसणारे असतील तितकी हेल्मेटे टांगलेली असू द्या. बाहेर निघणाऱ्याच्या हातात ते देण्याचे काम घरातल्या बाईने किंवा लहान पोरानेही करावे. शेतावर जाणाऱ्याला आपण भाकरी बांधून दिल्याशिवाय सोडत नाही. तितक्याच आपुलकीने हेही करावे.